घरघंटीपेक्षा स्वस्त जॅझ

कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. घरात नाही, दारात नाही, देवापुढेही नाही. त्याला उगाच साक्षीत कशाला ओढा. पहिल्यांदा सांगितली ती एका बुधवारी, दिवस कलायच्या सुमाराला, पेठ नाक्यावर उभ्या असलेल्या सुरगाण्याच्या जीपमध्ये. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त रावजी ड्रायव्हरला आहे. आपल्याला वाटतं, आता आत मुंगी शिरली तरी तिला उभं राहून जावं लागेल. रावजीला अजून चार माणसांची जागा दिसत असते. तेव्हा वेळ भरपूर होता. मी दाराजवळ टेकलो होतो. समोर एक म्हातारी बसली होती, बुधवारच्या बाजारात नागली विकून रिकाम्या पोत्यांची वळकटी मांडीवर घेऊन. रावजी तिला ठमामावशी म्हणत होता. तिच्या शेजारी कानात बोंडं खुपसलेला एक कॉलेजकुमार. एवढे श्रोते मला पुरतात. जशी सांगितली तशीच इथे उतरवतो.

मी गोटीराम देवरे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. आमची सोसायटी गंगापूर रोडला. तिच्या फाटकाशी बदामाचं झाड आहे आणि झाडाखाली कट्टा. कट्ट्यावर सिमेंटचे बाक, आणि टोकाला एक हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. बाकावर बसणाऱ्याने ऐकायचं आणि खुर्चीत बसणाऱ्याने बोलायचं, असा आमच्याकडे अलिखित कायदा. त्या खुर्चीत बसून मी काय काय सांगितलंय म्हणून सांगू. डाव्या कालव्यात आलेली मगर मी हजेरीपट दाखवून परत धरणात घालवली, ती गोष्ट तर लोक मुलांना झोपवताना सांगतात. निदान सांगत असावेत.

पण आमच्या कट्ट्याला सावळीराम निकम नावाचं ग्रहण आहे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. म्हणजे कचेरीने त्यांना निवृत्त केलं, त्यांनी कचेरीला अजून केलेलं नाही. कट्ट्याचं अध्यक्षपद त्यांना कोणी दिलं नव्हतं, एका सकाळी त्यांनी कार्यभार स्वीकारला. त्यांच्या मुलीने त्यांना एक स्पीकर घेऊन दिला आणि तेव्हापासून ते कराओकेवर गातात. त्यांच्या गाण्यात पाठीमागचं संगीत इतकं भरभक्कम असतं की निकम मध्येच खोकायला थांबले तरी गाणं पुढे जातं, आणि गाणं संपलं तरी कधी कधी निकम पुढे जातात.

गणपती उठले त्याच्या आसपासची संध्याकाळ. मी खुर्चीत होतो. मगर अर्ध्या कालव्यात आलेली. तेवढ्यात निकमांनी स्पीकर लावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं मला वाईट वाटत नाही, पण त्या माझ्या मगरीवरून वाजल्या. मी शांतपणे म्हणालो की गाणंबिणं ठीक आहे, पण तरुणपणी इगतपुरीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही जॅझ वाजवायचो. गिटारवर. गोरे इंजिन ड्रायव्हर आणि त्यांच्या मडमा लाकडी फरशीवर नाचायच्या, आणि घाटातून वर आलेली मेल सिग्नल हिरवा असूनही दोन मिनिटं थांबून ऐकायची.

जॅझच का, असं कॉलेजकुमाराने एका कानातलं बोंड काढून विचारलं. प्रश्न चांगला होता. भजन म्हटलं तर चार भजनी निघतात, नाट्यसंगीत म्हटलं तर प्रत्येक जिन्यात एक जाणकार असतो. जॅझचं बरं असतं. आमच्या अख्ख्या सोसायटीत ते कोणाला येत नव्हतं, त्यामुळे चुकलं तर कळणार नाही आणि बरोबर आलं तरी कळणार नाही. इतकी सुरक्षित कला मी दुसरी पाहिली नाही.

निकमांनी स्पीकर बंद केला. “देवरे,” ते म्हणाले, “कोजागिरीला गच्चीवर वाजवा. वाजवलंत, तर ही खुर्ची तुमची, तहहयात. नाही वाजवलंत, तर या कट्ट्यावर पुन्हा गोष्ट सांगायची नाही. बाकावर बसायचं आणि ऐकायचं.”

सगळ्यांनी हात वर केले. माझ्या मगरीचा शेवट ऐकायला जीव टाकणाऱ्यांनीसुद्धा.

आता तुम्हाला वाटेल, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीचं एवढं काय. माणसाला साखरेवाचून जगता येतं, डॉक्टरांनी मला ते दाखवून दिलंय. गुडघ्यांवाचूनही बऱ्यापैकी जगता येतं. पण माझी बायको चांगुणा, हिने लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यातच माझं ऐकणं सोडलं. मुलगा महेश पुण्याला. फोनवर दोनदा हं हं म्हणतो आणि मगर पाण्यातून डोकं काढते न काढते तोच त्याची मीटिंग सुरू होते. राहिला कट्टा. तिथे तोंड बंद झालं, तर इतक्या गोष्टी घेऊन माणसाने जायचं कुठे?

तर वाजवायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी निकमांनी माझ्याकडे अर्ज मागितला, दोन प्रतींत. मी दिला. तो ‘वाद्यप्रकाराचा उल्लेख नाही’ म्हणून परत आला. उल्लेख केला. मग ‘जॅझ म्हणजे काय याचा खुलासा करावा’ असा शेरा पडला. मी बराच विचार करून लिहिलं की ज्यात पुढे काय वाजणार हे वाजवणाऱ्यालाही आधी माहीत नसतं, त्या संगीतास जॅझ म्हणतात. यावर निकमांनी लाल शाईत विचारलं की मग हा कार्यक्रम बसवलेला आहे असं कसं मानावं, कारण नियमाप्रमाणे कोजागिरीला फक्त बसवलेलेच कार्यक्रम घेतले जातात. तीस वर्षं मी कालव्यावर काढली, पाणी चोरणारे बागाईतदार अंगावर घेतले, पण या प्रश्नावर मला तहान लागली. शेवटी ‘बसून सादर करणार’ असं लिहून दिलं, आणि ते मंजूर झालं.

राहिली गिटार. इगतपुरीची माझी गिटार कुठे गेली, असं चांगुणाने विचारलं. मी सांगितलं, बोगद्यात राहिली. ती म्हणाली, चांगलं झालं. मग तिने तिची अट घातली. तिला गेली कित्येक वर्षं घरघंटी हवी होती, घरच्या घरी दळण दळायची. दर दिवाळीला ती विषय काढते आणि दर दिवाळीला मी गिरणीवाल्याच्या पोटाची काळजी करतो. “घ्या तुमची ती गिटार,” ती म्हणाली, “पण घरघंटीपेक्षा महाग घेतलीत, तर दोन्ही वस्तू या घरात येतील, आणि मग मी दळत असताना तुम्ही वाजवा.” म्हणजे माझ्या कलेची वरची मर्यादा ठरली. जगात अनेक कलावंतांना गरिबीने मारलं असेल. मला चक्कीने बांधून घातलं.

ही बातमी सोसायटीत पसरल्यावर सल्ल्यांचा पूर आला. आमच्याकडे कोणी आजारी पडलं तर लोक एवढे येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, लाकूड बघा, गाणं राहू द्या. सागवानी मिळाली तर घ्या, वाळवी लागत नाही. शेजारच्या मास्तरांनी सांगितलं की टरबुजासारखी टिचकी मारून घ्यायची, बद्द आवाज आला तर ठेवून द्यायची. ऑनलाइन मागवा, आवडली नाही तर परत जाते, असं एकाने सुचवलं. त्याच्याकडे परत न गेलेली तीन व्यायामाची यंत्रं आहेत आणि त्यांवर तो कपडे वाळत घालतो. एक बाई म्हणाल्या, गिटार कशाला, आमच्या पिंकीचं कीबोर्ड घेऊन जा, बटण दाबलं की आपोआप वाजतं. हा एकच सल्ला मला मनापासून पटला होता. पण निकमांनी अर्जावर वाद्य पक्कं केलं होतं, बदलायचं तर पुन्हा दोन प्रती.

मी दुकानात निघणार तर पितृपक्ष लागला. पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, हे चांगुणाचं म्हणणं. मी म्हटलं, जॅझवाल्यांना पितृपक्ष नसतो. ती म्हणाली, तुम्हाला आहे. पंधरवडा गेला तर घट बसले. आता आणायचीच तर दसऱ्याला आणा, मुहूर्ताला. दसऱ्यानंतर कोजागिरीला किती अवकाश असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यासारख्या मुरलेल्या कलावंताला तेवढा पुरे, असं मी तिला सांगितलं. मुरलेल्या हा शब्द ती लोणच्यापलीकडे वापरत नाही.

दसऱ्याला सकाळी झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत मी दुकानात गेलो. दुकान सांभाळणारी स्नेहल म्हणून मुलगी होती, बोलायला चुरचुरीत. तिने विचारलं, नातवासाठी का. मी म्हटलं, स्वतःसाठी, जॅझ. तिने मला खालून वर पाहिलं आणि एकदम आदराने स्टूल दिलं. मग भिंतीवरून एक गिटार उतरवली. अहो, काय ती चीज. व्हायोलिनसारखं फुगीर पोट, आतून पोकळ, आणि पोटावर दोन बाजूंना दोन लांबट वळणदार चिरा, माशाच्या कल्ल्यांसारख्या. जुने जॅझवाले हीच वाजवतात, स्नेहल म्हणाली. किंमत विचारली. त्या किमतीत घरघंट्यांचं दुकान टाकता आलं असतं.

माझा चेहरा बघून तिने समजावलं की काका, जॅझला महागच लागते असं काही नाही. तिने एक सपाट, भरीव फळीची गिटार काढली. मानेजवळचं हे तारांचा आवाज पकडणारं चुंबक चालू ठेवायचं, टोनचं बटण निम्म्याहून खाली आणायचं, साध्या तारा काढून सपाट गुंडाळीच्या तारा चढवायच्या. बोट सरकताना करकरत नाहीत, आवाज गोल होतो, डोळे मिटून ऐकलं तर महागातली वाटते. पहिल्या जॅझला हीच घ्या, असं तिचं म्हणणं. सल्ला सोन्यासारखा होता. पण ती गिटार पोळपाटासारखी दिसत होती, आणि निकम काही डोळे मिटून ऐकणाऱ्यांतले नव्हते. पोट पाहिजे, मी म्हणालो. जॅझ पोटातून येतं.

तेव्हा ती माळ्यावर चढली आणि एक धुळकट खोकं घेऊन उतरली. कोणीतरी वापरून परत केलेली, पोटवाली, चिरावाली, लालसर. पाठीवर एक भेग होती, ती सरसाने बुजवलेली. किंमत घरघंटीच्या खाली होती. फार नाही, पण खाली. मी टिचकी मारली. टरबुजाच्या हिशेबाने उत्तम पिकलेली.

“वाजवून बघा ना काका,” स्नेहल म्हणाली. “घ्यायच्या आधी सगळे बघतात.”

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, आणि सगळी थांबली. मी अंगठा वर केला आणि सांगितलं की झेंडू निवडताना काटा रुतलाय. झेंडूला काटे नसतात हे तिला नक्की माहीत असणार, पण सणासुदीला गिऱ्हाईक मोडू नये हेही माहीत होतं. खोकं बांधताना तिने एकच बजावलं: पाण्यापासून जपा, पोकळ लाकूड आहे. मी बाहेर आलो आणि सुस्कारा सोडला. सुटलो.

घरी चांगुणाने पाट मांडला होता. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा होते; माझा कालव्याचा टेप, तिची सुरी, महेशची जुनी सायकल, सगळं ओळीने. मध्यभागी गिटार ठेवली. हळदकुंकू वाहिलं, पोटावर स्वस्तिक काढलं, मानेला झेंडूची माळ घातली. एवढ्यात माझा मेहुणा मल्हारी त्याच्या गावाहून, देवळ्याहून, मोटारसायकलवर आला, खिशात आपट्याची पानं आणि मागे कांद्याची गोणी. तो म्हणाला, दाजी, नवी गाडी घेतली की पुढे नारळ फोडतो, मग हिच्यापुढे का नको? मलाही पटलं. घरात कर्ता मीच, म्हणून मी नारळ घेतला, उंबऱ्यावर न आपटता गिटारीच्या अगदी पुढ्यात चटणीच्या पाट्यावर आपटला, मान राखायला. नारळ सरळ दोन भागांत फुटला. आणि आतलं सगळं पाणी, एक थेंब इकडेतिकडे न जाता, डाव्या चिरेतून आत.

मी गिटार उचलली. गिटारीच्या पोटात डुचमळल्याचा आवाज आला. खरं सांगायचं तर तिचा मी ऐकलेला पहिला सूर तोच.

पुढच्या तासाभराचं वर्णन करण्यासारखं नाही. मी ती उलटी केली, तर पाणी दुसऱ्या चिरेकडे जायचं आणि चिरेच्या कडेला अडायचं. इंजिनिअर खाली आले, म्हणाले तांदळात पुरा, मोबाईल असाच वाळतो. चांगुणाने तांदळाच्या डब्यावर हात ठेवला आणि इंजिनिअर वर गेले. मास्तर म्हणाले, उन्हात ठेवा. मी घाबरत घाबरत स्नेहलला फोन केला. ऊन नको, सावलीत, भरपूर हवेत ठेवा, तारा सैल करा, ती म्हणाली. मग विचारलं, नारळाचं पाणी का. मी म्हटलं, जॅझवाल्यांची पद्धत आहे.

“सावली आन् हवा,” मल्हारी म्हणाला, “मंग आमनी चाळ शे ना, दाजी.” कांद्याची चाळ माहीत आहे ना तुम्हाला? लांबलचक, वर छप्पर, दोन्ही अंगांना फटींच्या भिंती. उन्हाळ कांदा तिथे महिनोन्‌महिने वाऱ्यावर टिकतो. मल्हारीचं म्हणणं असं की जी हवा कांदा सडू देत नाही, ती गिटारीला काय करणार आहे. नाशिक जिल्ह्यात याच्यावर उत्तर नाही.

त्याच्या मोटारसायकलवर गिटार जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच बसने निघालो. आता माझं वय असं आहे की बसमध्ये मला तिकीट पडत नाही. कंडक्टरने माझं कार्ड बघितलं, नमस्कार केला, आणि खिडकीजवळ बसवलेल्या गिटारीकडे बोट दाखवलं. यांचं काय? मी म्हटलं, वाद्य आहे, मांडीवर घेतो. तो म्हणाला, वाद्य आहे का सामान ते कसं कळणार? वाजवा. वाजलं तर वाद्य, नाही वाजलं तर सामानाचं तिकीट. मागून आवाज आले, वाजवा आजोबा, वाजवा. पिंपळगावपर्यंत अख्खी बस माझ्या मागे लागली होती. पण इगतपुरीच्या इन्स्टिट्यूटमध्ये वाजवलेल्या माणसाने कंडक्टरच्या समाधानासाठी वाजवायचं? मी ताठ मानेने सामानाचं तिकीट काढलं. मी फुकट, आणि गिटार तिकीट काढून. पुन्हा सुटलो.

(इथे रावजीने दोन माणसं आत कोंबली. ठमामावशीने मला विचारलं, “मंग गाडीतबी नाय वाजवलं?” मी म्हटलं, मावशी, धीर धरा, कोजागिरी पुढेच आहे.)

मल्हारीने गिटार चाळीत कांद्यांच्या ढिगावर निजवली. तारा लाकडाला टेकून ओल धरू नये म्हणून तारांखाली त्याने गोल्टी कांदे सारले, बारीक, सुपारीहून थोडे मोठे. हे त्याने मला सांगितलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. कोजागिरीच्या दुपारी तो स्वतः पिकअपमधून गिटार पोचवून गेला, गोणपाटात गुंडाळून. जाता जाता तारा तेवढ्या ताणल्यात म्हणाला. तो निघून गेल्यावर घरभर असा वास सुटला की चांगुणाने भजीचं पीठ भिजवायला घेतलं.

रात्री गच्चीवर सगळी सोसायटी. मधे मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, बदाम, चारोळी, केशर घालून. चंद्रप्रकाश दुधात पडावा म्हणून आमच्याकडे सगळे दिवे बंद करतात. त्यामुळे अंधारच म्हणा. निकमांचं गाणं झालं. स्पीकरची बॅटरी शेवटच्या कडव्यात गेली आणि ते एकटेच उरले. त्यांना तशा अवस्थेत मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मग त्यांनी कागद बघून पुकारलं: “क्रमांक सात. इतर. देवरे.”

मी बसलो, अर्जात म्हटल्याप्रमाणे. अंधारातच गिटारीवरचं गोणपाट सोडलं. पुढे सतरंजीवर माणसंच माणसं, आणि सगळी गप्प. एवढी गप्प ती माझ्या मगरीलाही कधी झाली नव्हती. मनात आलं, आता उठावं, हार कबूल करावी आणि बाकावर जाऊन बसावं. मरेपर्यंत निकमांचं गाणं ऐकावं. त्या विचारानेच हात आपोआप वर गेला, आणि मी तारांवर असा तडाखा दिला की इगतपुरीला मेल थांबली असेल.

झालं काय, तर तारांखाली ते गोल्टी कांदे. ताणलेल्या सहा तारा, आणि त्यांच्यातून कांदा. अहो, सुरीने होणार नाही असा बारीक चिरला गेला, भजीला चिरतात तसा. रस उडाला तो सरळ पुढच्या रांगेवर, आणि गार वाऱ्याने मागच्या रांगांवर. पहिल्यांदा मास्तरांनी नाक ओढलं. मग इंजिनिअर. मग बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी दुसरा तडाखा दिला. पातेल्यापाशी बसलेली बाई इतकी रडत होती की दूध उतू गेलं तरी तिला दिसेना. अंधारात सगळी गच्ची मुसमुसत होती, आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी निकम उठले. त्यांच्या गालांवर चंद्रप्रकाशात पाण्याच्या दोन रेघा चमकत होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “बस करा देवरे. सहन होत नाही.”

तिथल्या तिथे त्यांनी ती प्लॅस्टिकची खुर्ची गच्चीवर मागवली आणि मला बसवलं. तहहयात. त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते काय सांगू. पोटातलं सगळं नारळपाणी एकदम निघून जावं तसं. वाजवावं लागलं नाही, म्हणजे फार वाजवावं लागलं नाही, आणि गोष्टी वाचल्या. गिटार आता भिंतीवर आहे, चांगुणाने तिच्या खिळ्याला लसणाची जुडीही लावलीय. घरघंटी दिवाळीला येणार आहे; सामानाचं तिकीट धरलं तर गिटार तिच्याहून महाग पडली, असा चांगुणाचा हिशेब. पण खुर्ची माझी. आजही माझी.

एवढं बोलून मी पाठीला टेकलो. गोष्ट चांगली उतरली होती. कॉलेजकुमाराची दोन्ही बोंडं कधीच गळ्यात लोंबत होती. रावजीने शेवटचा माणूस आत ढकलून दार लावायला घेतलं होतं, आणि सवयीने माझ्याकडे बघून ते अर्धं उघडंच ठेवलं.

ठमामावशीने मांडीवरची पोती उचलून पायांखाली सारली आणि मला सरकायला जागा केली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “कोनालाच सांगितली नाय म्हन्ता ना ही? मागल्या बुधवारी याच जीपमंदी सांगितली तुम्ही. तवा तुम्ही वाजवलं आन् समदं लोक नाचलं हुतं. आज रडलं.”

मी म्हणालो, मावशी, जॅझ असंच असतं. दर खेपेला वेगळं वाजतं.

“आसंल,” ती म्हणाली. “मला काय त्यातलं कळत नाय. पर रावजी म्हन्तो, रोज येता आन् जीप भरली का तुम्ही उतरून जाता. मागल्या बुधवारीबी उतरलाव. सुरगान्याला तुमचं कोनी नाय.” मग तिला हसू आवरेना, आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं तिने विचारलं, “ती खुर्ची खरंच तुमची झाली आसती, तं कट्ट्याच्या टायमाला तुम्ही रोज आमच्या जीपमंदी कशाला येऊन बसला आसता?”